वस्तीतली चिंगी आणि दारची सदाफुली



कामशेतहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या चाळीमागे राहणाऱ्या एका कुत्रीच्या मागच्या अंगातून दोन महिन्यांपासून रक्त टपकते आहे. मुले तिला भाकरी घालतात. शेजारी म्हणतात, हाकलून द्या, मुलांना रोग लागेल. पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिले आहे की, जागाच अशी आहे की कोणाला विचारायचीही लाज वाटते.

या पानावर आम्ही मुलांचा अभ्यास, बाळंतिणीचा आहार, घरातले आजारपण असे विषय घेतो. कुत्र्याच्या दुखण्यावर लिहावे का, असे आम्हालाही क्षणभर वाटले. पण गेल्या वर्षी लोणावळ्यात आमच्या वस्तीच्या दारातच हे दुखणे येऊन गेले. तेव्हा आम्हीही लाजेपायी तीन महिने घालवले. म्हणून आज सारे सविस्तर सांगतो.

आमची घरे रेल्वेलाइनच्या अंगाला. तिथे विहाराच्या ओट्याखाली चिंगीचा मुक्काम. ती कोणा एकाची नाही, सगळ्या वस्तीची. रात्रपाळी करून येणाऱ्याला कोपऱ्यापासून घरापर्यंत सोबत करायची आणि अनोळखी माणूस दिसला की वस्ती जागी करायची, हे तिचे काम. माघात केव्हातरी तिच्या बसण्याच्या जागी रक्ताचे थेंब दिसू लागले. आम्ही म्हटले, माजावर आली असेल. खरे तर कुत्रीचा माज दोन-तीन आठवड्यांत सरतो, आणि आपल्याकडची मोकाट कुत्री बहुतेक पावसाच्या अखेरीस, भाद्रपदाच्या सुमारास माजावर येतात. भर थंडीत सुरू झालेले आणि चैत्र आला तरी न थांबणारे रक्त काही वेगळेच सांगत होते. ते आमच्या ध्यानात आले नाही. खरे सांगायचे तर आम्ही तिकडे नीट पाहिलेच नाही.

चौदा एप्रिल जवळ आला. विहाराला रंग दिला, पायऱ्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या पायरीवर रक्ताचे थेंब. एक जण बोलून गेला, "हिला आधी बाहेर काढा रे, विटाळ नको." झाडत असलेल्या एका आजींनी हातातला झाडू खाली टाकला. "कुठला शब्द काढलास? ह्या पायरीवर?" एवढेच म्हणाल्या. कोणी वर मान केली नाही. मग आजींनीच बादली आणून पायरी धुतली, चिंगीला भाकरीचा तुकडा दाखवून जवळ घेतली आणि तिची शेपटी उचलून पाहिली. आम्ही एवढी शिकलेली माणसे, तीन महिन्यांत शेपटी उचलून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, लालभडक, दाणेदार मांसाची वाढ होती. जरा धक्का लागला की रक्त येत होते.

हा कुत्र्यांना होणारा संसर्गजन्य कर्करोग. डॉक्टर लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी टी.व्ही.टी. म्हणतात. नर-मादीच्या संगातून तो पसरतो. चाटण्यातून आणि हुंगण्यातूनही पसरतो, त्यामुळे काही कुत्र्यांना नाकात किंवा तोंडात गाठ होते. संग झाल्यापासून दोन ते सहा महिन्यांत गाठ दिसू लागते. म्हणजे भाद्रपदात लागलेला रोग पौष-माघात रक्त दाखवतो. चिंगीचे नेमके तसेच झाले. मादीत गाठ शेपटीखालच्या अंगात असते. नरात ती लिंगाच्या मुळाशी, कातडीच्या आत दडलेली असते. म्हणून नराच्या लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त आले की लोक मूतखडा म्हणतात आणि सोडून देतात.

मुलांचे काय, हा सगळ्या आयांचा पहिला प्रश्न. हा रोग माणसाला होत नाही. मांजर, शेळी, गाय-म्हैस यांनाही तो लागत नाही. कुत्रा आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे कोल्हा-लांडगा, एवढ्यांपुरताच तो आहे. मात्र रक्त पडलेली जागा धुवावी, आजारी जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, हे आहेच.

या रोगाची एक गोष्ट विलक्षण आहे. क्षयाचे जंतू असतात, गोवराचा विषाणू असतो. इथे जंतूही नाही आणि विषाणूही नाही. एका कुत्र्याच्या गाठीतली जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजते, उसाच्या कांडीसारखी. एऱ्हवी परक्याचे मांस आपले शरीर स्वीकारत नाही. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात त्या याचसाठी. या पेशी मात्र आपली ओळख लपवून बसतात. रशियातले पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ च्या सुमारास एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्याच्या अंगी लावून ती वाढते हे दाखवले होते. लंडनच्या संशोधकांनी २००६ साली वेगवेगळ्या देशांतल्या गाठी तपासल्या. त्यांत आपल्या देशातल्या कुत्र्यांच्याही होत्या. सगळ्या गाठी एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या, पण ज्या कुत्र्याच्या अंगावर त्या होत्या त्याच्याशी त्यांचे नाते जुळेना. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आशियात चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या अंगावर ही गाठ प्रथम उठली, असा त्यांचा हिशेब आहे. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याची गाठ मात्र एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात आजतागायत जिवंत आहे. आमच्या चिंगीच्या शेपटीखाली होती ती तीच. हे कळल्यावर वस्तीतली दहावीची मुले चिंगीकडे जरा आदराने पाहू लागली!

आता निदानाविषयी. शेपटीखाली गाठ दिसली म्हणजे हाच रोग, असे डोळ्यांनी ठरवून चालत नाही. पण तपास सोपा आहे. डॉक्टरांनी गाठीवर काचेची पट्टी हलकेच दाबली, वाळवली, तिच्यावर रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलेरियासाठी बोट टोचून स्लाईड घेतात, तसलेच हे काम. आम्ही आग्रह धरला तेव्हा आम्हालाही पाहू दिले. गोल गोल पेशी, आणि प्रत्येकीच्या पोटात बारीक रिकामे बुडबुडे, एका ओळीत ओवल्यासारखे. ही या रोगाची खूण. नाकातून रक्त येत असेल तर ही स्लाईड फारच महत्त्वाची, कारण गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्याचे नाक फुटते, आणि त्याचे औषध अगदी निराळे असते.

आणि औषध? ते आपल्या दारात फुलते. जुन्या डालड्याच्या डब्यात, विहिरीच्या कठड्याशी, कोणी पाणी न घालताही बारा महिने फुलणारी सदाफुली. मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिची पाने चघळणारी माणसे आपल्याकडे आहेत, तशी ती वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटातही होती. तिथून पाने कॅनडातल्या डॉक्टरांकडे गेली. उंदरांवर प्रयोग केला, तर साखर काही उतरेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या. त्या धाग्यावरून कर्करोगाची औषधे निघाली. त्यांतले व्हिनक्रिस्टीन अमेरिकेत १९६३ साली वापरात आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही ते देतात, आणि तेच कुत्र्यांच्या या गाठीवर चालते. पण म्हणून कोणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजू नये. पाला विषारी आहे, आणि शेकडो किलो वाळल्या पानांतून हे औषध जेमतेम ग्रॅमभर निघते. मधुमेहावर पाने खाणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावे.

औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम हे नेहमीचे प्रमाण. चिंगी सोळा किलोची, तिला ०.४ मिलिग्रॅम. बाजारात मिळणारी छोटी कुपी एक मिलिग्रॅमची असते, म्हणजे एकाच दिवशी दोन कुत्री नेली तर एका कुपीत भागते. कुपीची किंमत किलोभर कोंबडीपेक्षा कमीच. इंजेक्शने चार ते सहा लागतात, क्वचित आठ. दहांतली नऊ कुत्री बरी होतात. कर्करोगाच्या बाबतीत असे फार थोड्या वेळा म्हणता येते. ज्यांना हे औषध लागू पडत नाही त्यांच्यासाठी दुसरे इंजेक्शन किंवा किरणोपचार असतो, पण त्यासाठी मोठे हॉस्पिटल गाठावे लागते. नुसती कापून काढलेली गाठ मात्र बऱ्याचदा पुन्हा येते.

स्वस्त असले तरी हे औषध साधे नाही. शिरेबाहेर सांडले तर तिथले मांस सडते, म्हणून ज्याला कुत्र्याची शीर सापडते त्यानेच ते द्यावे. मेडिकलमधून कुपी आणून घरी टोचण्याचा उद्योग कोणी करू नये. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून मधून मधून रक्त तपासावे लागते, आणि पेशी फार कमी असतील तर एक आठवडा थांबावे लागते. दोन दिवस कुत्रे खात नाही, उलटी करते. गाभण कुत्रीला हे औषध चालत नाही. औषध कुत्र्याच्या लघवीत-शीत उतरते, तेव्हा इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस ती घाण हातमोजे घालून उचलावी आणि दिवस गेलेल्या बाईने त्या कामाला हात लावू नये.

आता आमची चूक. जयंती झाली आणि आम्ही चिंगीला टेम्पोत घालून नेले. पहिल्या इंजेक्शनने रक्त कमी झाले. दुसऱ्यानंतर थांबलेच. गाठ लिंबाएवढी होती ती वाटाण्याएवढी झाली. मग मे महिना आला. लोणावळ्यात मे महिना म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. हॉटेलात कामाला असलेल्यांना सुट्टी नाही, चिक्कीच्या दुकानांत रात्री अकरापर्यंत उभे राहणे, बंगल्यांवर पाहुण्यांची रीघ. ज्याचा टेम्पो तो भाड्याला गेला. तिसरा गुरुवार चुकला, चौथाही चुकला. आम्ही मनाची समजूत घातली की रक्त नाही म्हणजे रोग नाही.

आषाढात भुशी धरण भरून वाहू लागले, आणि चिंगी ओट्याखालून बाहेर येईनाशी झाली. वास आला म्हणून पाहिले तर गाठ पहिल्यापेक्षा मोठी, आणि तिच्यात अळ्या. लोणावळ्याच्या पावसात उघड्या जखमेवर माशी बसायला किती वेळ लागतो? कोणी फिनेल ओता म्हणाले, कोणी रॉकेल. दोन्हीही करू नये, जिवंत मांस भाजते. डॉक्टरांनी अळ्या एकेक करून चिमट्याने काढल्या, जखम धुतली, अळ्यांचे औषध दिले. मग व्हिनक्रिस्टीन पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर रागावले नाहीत, एवढेच विचारले की, क्षयाच्या गोळ्या तुम्ही दोन महिन्यांनी बंद कराल का? आमच्या वस्तीत तेही केलेले लोक आहेत, त्यामुळे आम्ही गप्प बसलो.

या वेळी विहाराच्या फळ्यावर खडूने सहा गुरुवार लिहिले आणि प्रत्येक गुरुवारापुढे दोन नावे. एकाने धरायचे, दुसऱ्याने गाडी बघायची. आजींचे नाव सहाही गुरुवारांपुढे होते, कारण त्या सोबत असल्या तरच चिंगी तोंड बांधून घ्यायची. तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय आजारी कुत्र्याला धरू नये आणि मुलांना तर धरायला लावूच नये. चौथ्या गुरुवारी रक्ततपासणीत पेशी उतरलेल्या निघाल्या, एक आठवडा पुढे ढकलावे लागले. सहावे इंजेक्शन झाले तेव्हा गाठ पूर्ण गेली होती. डॉक्टरांनी पुन्हा काचपट्टी दाबून पाहिली, पेशी दिसली नाही, मगच उपचार थांबवला. रक्त थांबले म्हणून थांबायचे नसते, हे आम्ही तेव्हा शिकलो.

सगळ्यांच्या नशिबी असा शेवट येत नाही. तुंगार्लीकडच्या एका बंगल्यावर आमच्यातलेच एक जोडपे राखणीला आहे. तिथल्या कुत्र्याच्या नाकातून महिनाभर रक्त येत होते, एका बाजूने तोंड सुजले होते. शिंकला की फरशीवर रक्ताचे शिंतोडे. पाहुण्यांनी कुरकुर केली, मालकांनी फोनवरून सांगितले की त्याला घालवा. कोणीतरी उठवले की कुत्रा पिसाळला आहे. त्या ताईंनी आमच्याकडे चौकशी केली, शुक्रवारी स्लाईड काढायला न्यायचे ठरले. गुरुवारी सकाळी चार जणांनी काठ्यांनी त्याला मारून टाकले. ताई म्हणतात, मारणाऱ्यांतल्या एकाच्या हातून तो रोज पाव खायचा.

पिसाळलेला कुत्रा लक्षणे दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. महिनाभर नाकातून रक्त येऊन जो खातो-पितो, तो पिसाळलेला नव्हे. उलट आवाज बदललेला, खालचा जबडा लोंबणारा, लाळ गाळणारा, दिसेल त्याला चावणारा कुत्रा असेल तर त्याच्या जवळ जाऊ नये, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद-चुना भरत बसू नये.

आपल्या भागात हा रोग का टिकून आहे, याचे उत्तरही रस्त्यावरच दिसते. शनिवार-रविवारी येणारे लोक खाण्याचे ढीग टाकून जातात. भाजे-कार्ल्याच्या पायथ्याला, जुन्या हायवेवरच्या हॉटेलांमागे कुत्र्यांची टोळकी त्यावर पोसली जातात. कोणी बंगल्यावर हौसेने पिल्लू पाळतो, हौस फिटली की ते रस्त्यावर. भाद्रपदात एका कुत्रीमागे सात-आठ नर लागतात, त्यांतल्या एकाला गाठ असली की पुढचे सांगायला नको. इंग्लंडात हा रोग पूर्वी होता. कुत्री मोकाट हिंडणे बंद झाले तसा तो तिथून नाहीसा झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तो निदान ९० देशांत कायम वस्तीला असल्याचे आढळले.

रोगाला आडवी येते ती नसबंदी. २००१ च्या नियमांपासून मोकाट कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्यांना सोडण्याची पद्धत आली. २०२३ साली नवे नियम झाले, त्यांतही ही जबाबदारी नगरपालिका-ग्रामपंचायतीवरच आहे. नसबंदीने झालेली गाठ बरी होत नाही, पण कुत्री पुन्हा माजावर येत नाही आणि संगातून लागण होण्याचा रस्ता बंद होतो. आम्ही अर्ज दिला. पहिल्या अर्जाचे काय झाले ते अजून कळलेले नाही. दुसरा अर्ज पोच घेऊन दिला, त्याच्याखाली वस्तीतल्या बायकांच्या सह्या होत्या, तेव्हा गाडी आली. अर्ज नेहमी पोच घेऊनच द्यावा.

कामशेतच्या ताईंना आता एवढेच सांगणे. कुत्रीला हाकलू नका. हाकलली तर ती दुसऱ्या चाळीमागे जाईल आणि रोगही तिच्याबरोबर जाईल. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जाऊन विचारा. तिथे कुत्र्याच्या शिरेतून औषध देण्याची सोय नसेल तर पुण्यात औंधला जनावरांचे मोठे सरकारी चिकित्सालय आहे. विचारताना आडवळणाने बोलू नका. "कुत्रीच्या मायांगात गाठ आहे, दोन महिने रक्त येते, स्लाईड काढायची आहे," असे सरळ म्हणा, त्यांना लगेच समजेल. ती गाभण आहे का, हे आधी तपासून घ्या. आणि चाळीतल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या, कारण सहा आठवडे एकटीला रजा मिळणार नाही.

चिंगीची नसबंदी श्रावणाच्या शेवटी झाली. ओळख राहावी म्हणून कानाला खाच पाडली आहे. भाद्रपदात दोन-तीन नर ओट्यापाशी येऊन हुंगून परत गेले. ती आता जरा जाड झाली आहे, रात्रपाळीवाल्याला आणायला कोपऱ्यापर्यंत न जाता अर्ध्या वाटेतच बसून वाट पाहते.